विषय: पहिला कॅमेरा, जत्रेच्या आधी

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर घरी, फोंड्याला आले आहे. गावच्या जत्रेत धाकटा भाऊ यंदा पहिल्यांदाच नाटकात उभा राहतोय. गेल्या वर्षी फोनने काढलेल्या फोटोंत नटांचे चेहरे पांढरेफटक आणि बाकी काळोख. म्हणून आता कॅमेरा घ्यायचा ठरवलंय. पणजीत दुकानदाराने दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड असा 'कॉम्बो' पुढे केला आणि मेगापिक्सेलचाच जप लावला. मला नाटक, पालखी आणि जमलंच तर चोडणचे पक्षी टिपायचे आहेत. डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा)? नवा की वापरलेला? शिकाऊ आहे हे धरून सांगा.

– फोंड्याची ताई

---

ताई, फोनच बरा. कॅमेरा कपाटात जातो, फोन खिशात राहतो. आमच्याकडचा कॅमेरा मुलीच्या बारशाला शेवटचा बाहेर निघाला होता, आता ती कॉलेजात आहे.

– न्यू जर्सीहून दादा

---

दादांचं निम्मं खरं आहे. दिवसाउजेडी समुद्र आणि घराची बाल्कांव टिपायला फोन पुरे. पण ही रात्रीच्या नाटकाचं विचारतेय आणि तिथे फोन हात टेकतो.

बाय, बॉडीपेक्षा, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा, लेन्सचा विचार आधी कर. कॉम्बोत जी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स देतात, ती ५५ वर नेलीस की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). तिच्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ लाव, जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे रंगमंचावर जिथे १/१० सेकंद शटर उघडं ठेवावं लागलं असतं, तिथे १/१०० चालतं. १/१० ला तलवार उपसणाऱ्या राजाचा हातच दिसत नाही, नुसता धूर दिसतो. ५० ची लेन्स झूम होत नाही, तेव्हा पुढेमागे आपणच सरकायचं. एपीएस-सी सेन्सरवर (शिकाऊंच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) कॅमेरा उभा धरलास तर सव्वाचार मीटरवरून एक नट डोक्यापासून पायापर्यंत बसतो. पहिल्या रांगेच्या कडेला, खांबाजवळची जागा धर, म्हणजे मागच्यांच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत.

१/१०० हा आकडा मी उगाच दिलेला नाही. इथली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगात नेलंस की एक फोटो पिवळट, दुसरा काळपट, कधी मधूनच आडवा पट्टा. तिकडे अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथल्यांना १/१२५ ची सवय असते. व्हिडिओ काढणार असशील तर मेनूत व्हिडिओची पद्धत 'एनटीएससी' (अमेरिकेची) असेल ती 'पाल' (आपल्याकडची) कर आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम ठेव. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, देवळात त्याचा मोह होईल, पण ट्यूबखाली पट्टे त्यातच जास्त येतात.

डीएसएलआर की मिररलेस? कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे, नवाच घ्यायचा असेल तर तोच घे. पण तुझ्या कामाला वापरलेला डीएसएलआर पुरेल आणि वाचलेले पैसे लेन्सला जातील. मी असतो तर हेच केलं असतं. कॅननच्या कुठल्याही ईओएस डीएसएलआरला त्यांची ५० ची ईएफ एसटीएम (एफ १.८, फोकसची मोटर आतच असलेली) बसते. निकॉनमध्ये मात्र डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तिथे स्वस्त मिळते म्हणून ५० ची जुनी 'डी' लेन्स घेतलीस तर हातानेच फोकस करत बसशील. एएफ-एस (मोटर लेन्समध्येच) लिहिलेलीच घे.

वापरलेली लेन्स बघताना दोन्ही झाकणं काढ, मागून फोनचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत निम्मी केली तरी ती लेन्स नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये ती हमखास धरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेव, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू दे. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला पेज करून घाल.

पक्ष्यांचं नंतर बघू. रायबंदरहून फेरीने चोडणला गेलीस तरी सलीम अली अभयारण्यातला खंड्या ५० च्या लेन्समध्ये ठिपका दिसेल. त्याला निदान ३०० मिलिमीटर लागतं. एका लेन्सने दोन्ही कामं करायला गेलीस तर दोन्ही बिघडतील.

फ्लॅश बंद. नटाचे डोळे दिपतात. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी भटजींना विचार. आणि शिगम्यानंतर जांबावलीच्या गुलालाला गेलीस तर तिथे चुकूनही लेन्स बदलू नकोस.

– मडगावचे काका

---

स्मरणिकेच्या वतीने दोन ओळी. मुखपृष्ठ ए-फोर असतं, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल. दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआरही याच्या दुप्पट देतो, दुकानदाराच्या जपाकडे लक्ष देऊ नका. आमचं रडगाणं वेगळंच आहे. लोक चांगला फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवतात, तो चेपून येतो आणि छापखान्यात आमची शोभा होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा हो, हात जोडून सांगतो.

– संपादक

---

काका, देव बरें करूं. म्हापशात एकाकडे कॅननची जुनी बॉडी आणि ५० ची एसटीएम मिळतेय. टॉर्च मारून बघितला, लेन्स स्वच्छ आहे. त्याची जादा १८-५५ मात्र आतून कोळ्याने संसार थाटल्यासारखी, ती 'फुकट घ्या' म्हणाला तरी घेतली नाही. जत्रेआधी हात बसवायला कुठे जाऊ?

– फोंड्याची ताई

---

मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, ती गाठ. नाटकासारखंच आहे, कमी उजेड आणि हलणारी माणसं. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १६०० पासून सुरू कर, काळोख वाटला तर ३२००. फोटोत दाणे आले तर येऊ देत, हललेला फोटो नंतर सुधारत नाही. आणि भावाला सांग, तालमीला एक दिवस ताईला बसू दे. कुठल्या प्रवेशाला तो उजेडात येतो ते आधी कळलं तर तू त्या बाजूला तयार राहशील.

– काका