मदत हवी आहे: प्रोसिजरमधला कार्डिअ‍ॅक अरेस्ट (हृदय बंद पडणं) नेमका कधी धरायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या विभागाचं कॉम्प्लिकेशन रजिस्टर सध्या माझ्याकडे आहे आणि अरेस्टच्या रकान्यात जो तो आपापल्या मनाने लिहितोय. भूलतज्ज्ञ, कॅथलॅबवाले (अँजिओप्लास्टी करणारे), रेकॉर्ड सेक्शनवाले, सगळ्यांनीच सांगा प्लीज.

ही केस बघा. स्पायनल (पाठीच्या कण्यातून भूल) दिल्यावर पल्स उतरत उतरत मॉनिटरवर सरळ रेघ, अ‍ॅट्रोपिन (ठोके वाढवायचं औषध) दिलं, छाती दाबायला घेतली आणि तीन-चार दाबांत पेशंट डोळे उघडून विचारतोय काय झालं. शीटवर फक्त 'ब्रॅडीकार्डिया, ट्रीटेड' (ठोके मंदावले, उपचार केले). माझ्या मते हा अरेस्टच आहे. पण ब्रिटनच्या एनएपी-७ (भूलतज्ज्ञांचं राष्ट्रीय ऑडिट) ची व्याख्या पाच किंवा जास्त कम्प्रेशन्स (छातीवरचे दाब) किंवा डिफिब्रिलेशन (विजेचा शॉक) अशी आहे, म्हणजे हा सुटला. उलट अँजिओप्लास्टीत व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) आला, लगेच एक शॉक, कम्प्रेशन एकही नाही, तो मात्र, केस भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली असेल तर, बसतो. उटस्टाईन (अरेस्टच्या नोंदींची आंतरराष्ट्रीय पद्धत) व्याख्येत तर आकडाच नाही, हृदयाचं पंपिंग थांबलं आणि रक्ताभिसरणाची लक्षणं नाहीत एवढंच. अमेरिकेच्या एनएसक्यूआयपीत (सर्जरीच्या दर्जाची राष्ट्रीय नोंदणी) सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करणं) लागला पाहिजे आणि ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंतचं धरतात, एनएपी-७ साधारण २४ तासांवर थांबतं.

बायपासमध्ये कार्डिओप्लेजियाने मुद्दाम थांबवलेलं हृदय कोणी मोजत नाही, ते ठीक. खरा घोळ पुढे आहे. सेप्सिसचा पेशंट, लॅपरोटॉमी (पोट उघडून ऑपरेशन) झाली आणि तिसऱ्या दिवशी अरेस्ट, हे ऑपरेशनच्या नावावर की आजाराच्या? त्यात मृत्यूच्या कारणात सर्रास 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहितात, शेवटी हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं, ते मोजलं तर प्रत्येक मृत्यू कॉम्प्लिकेशन होईल. कोडिंगमध्ये पण तेच, आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) मधला अरेस्टचा कोड आय४६ प्रोसिजरबद्दल काहीच सांगत नाही, अमेरिकन आवृत्तीत मात्र ऑपरेशन चालू असतानाचा आय९७.७१ आणि नंतरचा आय९७.१२ असे वेगळे आहेत.

मला वाटतं व्याख्येवर भांडत बसण्यापेक्षा वेळ, पहिला रिदम, कम्प्रेशन किती, शॉक दिला का, पल्स कधी परतला आणि २० मिनिटं टिकला का, हे जसंच्या तसं लिहावं आणि प्रोसिजरशी संबंध 'नक्की / शक्य / नाही' असा वेगळ्या रकान्यात. मग कुठलीही व्याख्या नंतर लावता येते. असा फॉर्म कोणी वापरता का? आणि तो संबंधाचा रकाना कोण भरतं, केसमधलाच डॉक्टर की बाहेरचा कोणी?