सीमा-अटी किती हव्यात आणि उकल केव्हा असते?

असे एक मत मांडले जाते की जितकी अज्ञात फलने तितक्या सीमा-अटी (प्रदेशाच्या कडेवर लादलेल्या अटी) दिल्या की हायपरबोलिक समीकरणाची, म्हणजे मर्यादित वेगाने सरकणाऱ्या तरंगांचे वर्णन करणाऱ्या समीकरणाची, उकल मिळतेच. हे बरोबर नाही. अटींची संख्या प्रदेशात शिरणाऱ्या कॅरॅक्टरिस्टिक रेषांवरून (ज्या रेषांवरून माहिती पुढे वाहते त्यांवरून) ठरते. क्ष ≥ ० या अर्धरेषेवर एकक वेगाने उजवीकडे सरकणाऱ्या तरंगाचे समीकरण घ्या. क्ष = ० येथे एक अट द्यावीच लागते, पण तरंग डावीकडे सरकत असेल, तर तेथील मूल्य प्रारंभिक अटीनेच ठरलेले असते आणि वेगळी अट लादल्यास सहसा उकलच उरत नाही.

दुसरी बाब कोपऱ्याची, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. उजवीकडच्या तरंगात प्रारंभिक आणि सीमेवरील मूल्ये आरंभबिंदूपाशी जुळली नाहीत, तर ती खंडितता क्ष = काल या रेषेवरून आत सरकत राहते. मूल्ये जुळूनही त्यांच्या पहिल्या अवकलजांची बेरीज तेथे शून्य नसेल, तर उकल सतत असते, पण त्या रेषेवर तिला मोड येतो.

अनेक मितींत मात्र नुसती मोजदाद पुरत नाही. गणितज्ञ क्राइस यांनी १९७० मध्ये काटेकोर हायपरबोलिक प्रणालींसाठी (ज्यांत प्रत्येक दिशेतले तरंगवेग वास्तव आणि वेगवेगळे असतात) दाखवले की सीमा कॅरॅक्टरिस्टिक नसताना (तरंग सीमेलगतच सरकत नसताना) एकसमान लोपातिन्स्की अट, म्हणजे सीमा-अटींमुळे अनियंत्रित वाढणारे तरंग उद्भवू नयेत अशी अट, पाळली गेली, तर उकलीचा ऊर्जा-अंदाज (उकलीचा आकार दिलेल्या माहितीवरून मर्यादित ठेवणारी असमानता) मिळतो. तसाच अंदाज द्वैती समस्येसाठी (मूळ समस्येशी जोडलेल्या, काळात उलट चालणाऱ्या समस्येसाठी) मिळवला की अस्तित्व सिद्ध होते, आणि माझ्या मते खरे कष्ट त्या अंदाजातच आहेत. अरेषीय समीकरणांत हे सारे सामान्यतः अल्प काळापुरतेच टिकते, कारण पुढे आघात-तरंग (उकलीत अचानक उडी असलेले तरंग) निर्माण होऊ शकतात.