मदत हवी आहे : एकसारख्या दिसणाऱ्या प्लवकांमधील जाती कशा ओळखाव्यात?

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. सागरी प्लवकांतील, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणाऱ्या जीवांतील, दडलेल्या जनुकीय विविधतेवर टिपणे काढताना मी एका जागी अडले आहे. सह्याद्रीत एखादी खोल दरी बेडकांच्या दोन समूहांना वेगळे करते, हे मुलांना लगेच पटते. पण खुल्या समुद्रात असा अडसर नसताना, एकाच बादलीभर पाण्यात प्रोक्लोरोकोकस या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचे शेकडो वेगळे जनुकीय समूह एकत्र नांदतात, हे २०१४ साली एकेका पेशीच्या जनुकसंचावरून दिसून आले. प्रकाश, खोली, ऋतू आणि भक्षक एवढ्यानेच ही फारकत टिकते का, हे नीट उलगडून सांगणारे सोपे उदाहरण कोणी सुचवेल का?

दुसरी अडचण प्रत्यक्ष कामाची आहे. आयर्विन पुलाखाली कृष्णेत जाळी फिरवून आम्ही ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस हा गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राणी (रोटिफर) मिळवला. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुरईसारखे कवच, पुढे चार काटे आणि मागे चिकटलेले अंडे स्पष्ट दिसते. याच नावाखालील जीव २०१८ साली चार जातींत विभागले गेले, त्यामुळे आमच्याकडची जात कोणती, ही उत्सुकता आहे. दुर्दैवाने मी पहिले नमुने फॉर्मेलिनमध्ये ठेवले, आणि त्याने डीएनए खराब होतो. नवे नमुने इथेनॉलमध्ये ठेवणार आहे. मायटोकॉन्ड्रियातील आणि केंद्रकातील जनुकांचा कौल जुळला नाही, तर निर्णय कशावर करावा? या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.