बारोलो, लांगे नेब्बिओलो आणि मोस्काटो: फरक काय, आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात ठेवायचं कुठे?

कोलशेतकर
इटलीतल्या पिएमोंते प्रदेशाच्या वाइनच्या तीन बाटल्या आहेत: बारोलो २०१९ (लेबलवर सेरालुंगा दाल्बा हे गाव), लांगे नेब्बिओलो २०२१ आणि मोस्काटो दास्ती २०२२. पहिल्या दोन्हींत द्राक्ष एकच, मग किमतीत एवढी तफावत का? फ्लॅट पश्चिमेचा, दुपारी खोलीत ३४ अंश. रविवारी मटण सुकं आणि तळलेली सुरमई आहे. काय उघडू?

वेलमांडव
द्राक्ष एकच, नियम वेगळे. बारोलो शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची, तीही ठरलेल्या ११ गावांच्या हद्दीतली, आणि थेट उत्तरेकडे तोंड असलेला उतार बाद. कापणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात. म्हणजे २०१९ ची बाटली जानेवारी २०२३ च्या आधी विकताच येत नाही. रिझेर्वा (जास्त मुरवलेली बारोलो) असेल तर ६२ महिने. शेजारच्या भागातल्या, याच द्राक्षाच्या बार्बारेस्को वाइनला २६ पुरतात. लांगे नेब्बिओलोचं क्षेत्र मोठं, ८५ टक्के नेब्बिओलो असली तरी चालते, लाकडाची सक्ती नाही. तुम्ही पैसे मोजता ते जागेचे आणि अडकून पडलेल्या वर्षांचे.

सेरालुंगा पूर्वेच्या बाजूला आहे. तिथल्या चुनखडीयुक्त मातीत वाळूखडकाचे थर असतात. वाइन कडक, तुरट, उशिरा मोकळी होणारी. पश्चिमेच्या ला मोर्राची निळसर मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) माती सुगंधी, लवकर मऊ होणारी वाइन देते. तेव्हा तुमची बारोलो आणखी काही वर्षं राहू द्या. गावाऐवजी लेबलवर कान्नुबीसारखं मळ्याचं नाव आलं तर ते जागेचा पत्ता समजा. फ्रान्सच्या बर्गंडीसारखी दर्जाची अधिकृत उतरंड इथे नाही.

आणि रंग फिका म्हणून हलकी समजू नका. नेब्बिओलोचा रंग विरळ, तुरटपणा जबर.

पारसिक_टेकडी
राहू द्या म्हणणं सोपं, पण ३४ अंशांत ती मुरत नाही, शिजते. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर उष्णता लागलीच म्हणून समजा. चवीला मग उकळलेल्या जॅमसारखी लागते.

माळा सगळ्यात वाईट जागा. एसीची खोलीही फसवी: रात्री २४, दुपारी ३४. या चढउतारात बाटलीतला द्रव फुगतो-आकसतो आणि बुचाकडून हवा आत ओढली जाते. वर्षांचा बेत असेल तर १२ ते १४ अंशांचा वाइन कूलर, बाटली आडवी. कूलर नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठीक. त्याहून जास्त ठेवली तर तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरते, म्हणून प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा.

खाडीकाठ
रविवारचं बोलू. बारोलो मटण सुक्याबरोबर नको. तिखट आणि १४ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल एकमेकांना चेतवतात, त्यात तुरटपणा. सुरमईबरोबर तर तोंडात धातूसारखी चव येते. माशाला त्याच प्रदेशातली 'गावी' नावाची पांढरी वाइन (कोर्तेझे द्राक्षाची) किंवा रोएरो आर्नेइस ही पांढरी आणा, ८ ते १० अंशांवर.

मटणाला तिथलीच बार्बेरा ही लाल वाइन योग्य: तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर. चरबी कापायचं काम सोलकढीसारखंच करते. घरात आहे तेच वापरायचं तर लांगे नेब्बिओलो, पण मसाला सौम्य ठेवा. १६ अंशांवर द्या. ३४ वरून तिथे यायला फ्रिजमध्ये दीड-दोन तास, बर्फ घातलेल्या पाण्यात १५-२० मिनिटं.

मोस्काटो मात्र लगेच संपवा. जेमतेम ५ टक्क्यांची, गोड, हलक्या बुडबुड्यांची. ताजेपणाच तिचा जीव, आणि २०२२ ची आता उतरणीला लागलेली. तिखटाला हीच सगळ्यात चांगली.

कोलशेतकर
धन्यवाद. हेच द्राक्ष नाशिकला जमेल का?

वेलमांडव
अवघड. पिएमोंतेत वेल हिवाळ्यात झोपते. नेब्बिओलो लवकर फुटते आणि ऑक्टोबरच्या धुक्यात, थंड होत जाणाऱ्या हवेत पिकते. नाशिकला वेल झोपत नाही, म्हणून खरड छाटणी (उन्हाळ्यात, फांद्या वाढवायला) आणि गोडी छाटणी (ऑक्टोबरच्या सुमारास, फळ धरायला) अशा दोन कराव्या लागतात. गोडी छाटणीनंतर इतकं उशिरा पिकणारं द्राक्ष मार्चच्या वाढत्या उन्हात सापडतं. साखर भरभर चढते, आंबटपणा पडतो, सालीतला तुरटपणा मात्र कच्चाच राहतो.