ग्लुटेन बंद, तरी जुलाब चालूच

आठ महिने ग्लुटेन (गहू-जवातलं प्रथिन) बंद, तरी पोटफुगी-जुलाब जात नाहीत, असं म्हणताय. सीलिअ‍ॅकचं, म्हणजे ग्लुटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराचं, निदान पक्कं असेल तर आधी चोरवाटा शोधा: सामाईक टोस्टर, सॉसमधला माल्ट (तो जवाचा असतो), साधे ओट्स आणि पिठाची चाळणी. जाळीत अडकलेलं पीठ धुऊन पूर्ण निघत नाही, चाळणी वेगळीच हवी. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेनही आतडं बिघडवायला पुरतं. म्हणजे ब्रेडचा चिमूटभर चुरा!

मग टीटीजी-आयजीए (रक्तातलं सीलिअ‍ॅकचं प्रतिपिंड) पुन्हा तपासा. ते उतरलं असेल तर माझा पहिला संशय दुधावर. आतड्याची लव झिजली की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं; दोन आठवडे दूध सोडून पाहा. तरी जुलाब राहिले तर डॉक्टरांना कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठं आतडं तपासताना) बायॉप्सीबद्दल, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासण्याबद्दल, विचारा, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस ही मोठ्या आतड्याची सूज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वजन घटत असेल तर मात्र हे घरचे प्रयोग नकोत.