सिटीची कस्टम कॅश कार्डं दोन ठेवण्यात अर्थ आहे का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे सिटी बँकेचं कस्टम कॅश क्रेडिट कार्ड आहे, फक्त किराण्याला वापरतो. ज्या कॅटेगरीत जास्त खर्च तिला ५ टक्के कॅशबॅक, पण ५०० डॉलरपर्यंतच, म्हणजे एका बिलिंग सायकलला (महिन्याच्या बिलाला) २५ डॉलर, मग १ टक्का. आम्ही चौघं, त्यात सध्या आईबाबा आलेत, पटेल ब्रदर्सच्या (देशी किराणा दुकान) तीन फेऱ्या झाल्या की ५०० संपलेच. माझं सिटीचंच जुनं डबल कॅश कार्ड पडून आहे, ते बदलून दुसरं कस्टम कॅश करावं असं ऑफिसातला मित्र म्हणतो. कोणी केलंय का? क्रेडिट स्कोअर पडतो का? की बायकोला माझ्याच अकाउंटवर अ‍ॅड केलं तरी भागेल?

मुक्काम_डॅलस:
मी २०२२ मध्ये केलं होतं, सिटीचंच एक जुनं कार्ड फोन करून बदलून घेतलं. हार्ड पुल (नव्या अर्जासाठी होणारी क्रेडिट रिपोर्टची तपासणी) नाही, अकाउंट जुनंच राहतं त्यामुळे वय पण टिकतं, फक्त वेलकम बोनस (नवीन कार्डावर मिळणारा) मिळत नाही. पण दादा, डबल कॅश घालवू नका!! ते सगळीकडे २ टक्के देतं, ५०० च्या वरचा किराणा आज त्यावर घेतलात तरी १ च्या ऐवजी २ मिळतात. म्हणजे दुसऱ्या कस्टम कॅशचा खरा फायदा पुढच्या ५०० वर ३ टक्के, १५ डॉलर, २५ नाही. आणि वहिनींना तुमच्या अकाउंटवर अ‍ॅड करून काही होणार नाही, लिमिट अकाउंटला असतं, माणसाला नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाने अप्लाय करा, ५०० वेगळे आणि बोनसही.

जर्सीतली_ताई:
डॅलसवाल्यांशी सहमत. आमच्याकडे कस्टम कॅश दोन आहेत, एक किराण्याला, एक गॅसला (गाडीच्या पेट्रोलला), आणि दिसायला डिट्टो सारखी, फोनच्या वॉलेटमध्ये पण तेच चित्र. मागे एकदा ह्यांनी गॅसवाल्या कार्डावर २४० चा किराणा केला, त्या सायकलला गॅस १६० चाच होता, झालं, त्या कार्डाची टॉप कॅटेगरी किराणा ठरली आणि गॅसला १ टक्का, ८ डॉलर यायचे तिथे १.६० आले. किराण्याच्या कार्डावर जागा रिकामी होती हो, तेच जास्त लागलं मनाला. तेव्हापासून एका कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात हिरवी टेप लावलीय, हिरवी म्हणजे भाजी, आता सासूबाईंना पण कळतं कोणतं द्यायचं ते. अजून एक, दोन्हींची सायकल वेगळी, आमचं एक ९ ला बंद होतं, एक २३ ला, म्हणून मोठी खरेदी तारीख बघून करते. आणि कॉस्टको, वॉलमार्ट, टार्गेट किराण्यात धरत नाहीत हं, तिथे डबल कॅशच काढा.

एडिसनकर:
१५ डॉलरचा हिशोब डोक्यातच आला नव्हता, मनापासून थँक्स. डबल कॅश राहू दे, आज रात्री बायकोच्या नावाने फॉर्म भरतो, आणि तिचं कार्ड आलं की किराणा दोघांत वाटून घेऊ. टेप पण आणतो.

मुक्काम_डॅलस:
बेस्ट. दोन्ही अकाउंटना ऑटोपे पहिल्या दिवशीच लावा, एक लेट फी बसली की महिन्याची कमाई गेली. आणि आईबाबांना सोडायला पुण्याला जाल तेव्हा ह्यातलं एकही तिकडे स्वाइप करू नका, ३ टक्के फॉरेन फी लागते.