कॅच-२२ मधली अर्धी पात्रं छाटा म्हणणाऱ्या भाऊले

पऱ्हाटी_यवतमाळ:
परवा नेमकंच_वाचतो भाऊनं जोसेफ हेलरच्या कॅच-२२ बद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबर विमानांच्या तुकडीवरच्या कादंबरीबद्दल, टाकलं का पन्नासेक पात्रं आहेत अन् त्यात एकही धड माणूस नाही, सगळी कार्टून, नायक योसॅरियन ठेवा अन् बाकी अर्धी छाटून टाका, पुस्तक दोनशे पानांत बसते. खाली लोकायची वाहवा. मी गप राहणार होतो, कापसाची वेचणी सुरू आहे, बायामाणसं जमवण्यातच जीव जाऊन रायला, पण नाही राहवलं.

भाऊ, पुस्तकात ४२ प्रकरणं आहेत अन् बहुतेकांले पात्राचंच नाव आहे. हेलरले दुसरी नावं सुचत नव्हती का? गोष्ट एकट्या योसॅरियनची नाहीच ना बाप्पा, त्या अख्ख्या स्क्वाड्रनची आहे. कर्नल कॅथकार्टले जनरल व्हायचं आहे म्हणून तो उड्डाणांचा आकडा वाढवत जाते. चाळीस झाले का पंचेचाळीस, मग पन्नास, पंचावन्न, पोरगं घरी जायच्या बेतात आलं का आकडा पुढं सरकला. पण एकट्या कॅथकार्टच्यानं काय होते? आकडा टाइप करणारा पाहिजे, कागद पुढं ढकलणारा पाहिजे, भेट टाळणारा मेजर मेजर (नावही मेजर, हुद्दाही मेजर) पाहिजे, जो साहेब खोलीत नसला तरच भेटते अन् असला का खिडकीतून उडी मारून पळते. ह्यातला एकही स्वतःले वाईट समजत नाही. जो तो आपली खुर्ची सांभाळून रायला अन् त्यातच पोरं मरून रायली. कोणाले काढता सांगा.

स्क्वाड्रनच्या डॉक्टरचं, डॉक डॅनिकाचंच घ्या. न उडता उड्डाणभत्ता पाहिजे म्हणून त्याचं नाव विमानाच्या यादीत टाकून ठेवलेलं. मॅकवॉट पायलटचं विमान डोंगरावर आदळलं अन् यादीत नाव आहे म्हणून हाही मेला. स्वतः उभा राहून सांगते मी जिता आहे, कोणी आयकत नाही, तिकडं बायकोले विम्याचे पैसे भेटतात अन् ते पत्ता न ठेवता गाव सोडून जाते. तुमच्या भाषेत कार्टून. आमचा मोठा बाबा एका यादीत असाच मयत निघाला, निराधारचा पगार बंद. बाबा स्वतः गेला कार्यालयात. बाबूसमोर बसून तंबाखू मळली, अर्धी बाबूले देली. बाबूनं ते दाढेखाली धरली अन् म्हणे, बाबा, यादीत नाही बसत. मेलेल्याच्या हातची तंबाखू चालली, अर्ज नाही चालला. आता हा बाबू कार्टून आहे का माणूस, तुम्हीच सांगा.

नेमकंच_वाचतो:
मोठ्या बाबाचं वाईट वाटलं, पण त्यानं हेलर पास होत नाही. तुम्ही सगळे प्रसंग सांगितले, प्रसंग भारी आहेतच, मी पात्रांबद्दल बोललो होतो. डनबर, क्लेव्हिंजर, योसॅरियन यांचे संवाद नावं झाकून वाचून पाहा, कोण बोलून रायलं ओळखून दाखवा. सगळे एकाच ठेक्यात बोलतात, एकानं प्रश्न टाकला का दुसरा तोच प्रश्न उलटा करून मारते, अन् हे पानंच्या पानं. कर्नलही तसाच, नर्सही तशीच, पाद्रीही थोडाफार तसाच. याले पात्र नाही म्हणत, याले लेखकाचा आवाज म्हणतात. आणि प्रत्येक गोष्टीत गावचा किस्सा आणायची काही गरज नसते.

पऱ्हाटी_यवतमाळ:
गावचा किस्सा टोचला का? तुम्ही पुण्यात राहून रायले म्हणून असंल.

नेमकंच_वाचतो:
मी दारव्ह्याचा आहे.

हिंगणघाटची:
दोघेही शांत बसा जरा. पात्रांची एवढी चर्चा चालली आणि बायकांबद्दल एक ओळ नाही. योसॅरियनचा दोस्त नेटली ज्या वेश्येवर जीव टाकतो त्या मुलीला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. धंद्यानं ओळखली जाते आणि नेटली मेल्यावर चाकू घेऊन योसॅरियनच्या मागे धावत सुटते, लोक हसतात. मायकेला नावाची मोलकरीण आहे, तिला नाव दिलंय ते त्यांच्याच स्क्वाड्रनमधल्या आर्फीच्या हातून मरायला. तो तिच्यावर जबरदस्ती करतो, खिडकीतून फेकून देतो, पोलीस येतात आणि पकडतात कोणाला तर योसॅरियनला, रोममध्ये पास नसताना फिरतो म्हणून! तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, इतका खरा आहे. पण मेजर मेजरच्या बापावर पानं खर्च करणारा लेखक त्या मुलीला एक नाव देऊ शकत नाही? पऱ्हाटी दादा, तुमच्या खुर्च्यांच्या थिअरीत हे कुठं बसतं?

पऱ्हाटी_यवतमाळ:
ताई, तिथं नाही बसत. पण नाव नसणं हाच मुद्दा असू शकते ना, त्या लोकांच्या लेखी तिले नाव नाहीच.

हिंगणघाटची:
हो का. पुरुष लेखकानं विसरलं की तो मुद्दा होतो, बाईनं विसरलं असतं तर तुम्हीच कच्चं लेखन म्हणाले असते.

निवृत्त_हवालदार:
मी फौजेत नोकरी करून आलेला माणूस आहे म्हणून बोलतो. असा कर्नल नसते. फौजेत शिस्त असते, कायदा असते, कोणी मनानं आकडा वाढवत नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं कधी बंदूक धरली होती का?

पऱ्हाटी_यवतमाळ:
काका, हेलर स्वतः बी-२५ विमानात बाँबार्डियर, म्हणजे बाँब टाकणारा होता. कॉर्सिका बेटावरून ६० उड्डाणं केली त्यानं. पुस्तक आलं १९६१ साली.

निवृत्त_हवालदार:
६० केली असतील तर मग बोलायचा हक्क आहे त्याचा. तरी कर्नल असा नसते. परेडवाला तो लेफ्टनंट शाइसकॉफ मात्र हुबेहूब आहे. आमच्याकडं एक होते, नाव नाही घेत. पाहुणे यायचे म्हणून परेडची तालीम दुपारच्या उन्हात, पोरं चक्कर येऊन पडत अन् साहेब म्हणत पडलेला माणूस रांगेत दिसू देऊ नका. हे लिहायला नको होतं. जाऊ द्या.

रुईगाठी:
सगळ्यांनी मायलोला व्हिलन करून टाकलंय ते आधी थांबवा. पूर्ण पुस्तकात काम करणारा एकच माणूस आहे, मायलो माइंडरबाइंडर. मेसचा अधिकारी असून अंडी, टोमॅटो, कॉर्क, कुठला माल कुठं खपते त्याले सगळं माहीत. माल्टात सात सेंटले अंडं घेऊन पाच सेंटले विकते अन् तरी नफा काढते, कारण माल्टात विकणाराही तोच. याले डोकं लागते. आमची कापसाची जिनिंग आहे, तीन पिढ्यांची, व्यापारी म्हटलं का चोर ही सवय मराठी वाचकाले लागली आहे.

पऱ्हाटी_यवतमाळ:
आले बाहेर! भाऊ, त्याच मायलोनं जर्मनांसंग करार करून आपल्याच तळावर बाँब टाकले. नंतर वह्या उघडून नफा दाखवला अन् सगळे गप. विमानातल्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं मॉर्फिन त्यानंच काढून विकलं. पोरगं, स्नोडेन, जखमी होऊन विमानात मागं थंडीनं कुडकुडत मरून रायलं, योसॅरियन पेटी उघडते तर आत मॉर्फिनच्या जागी चिठ्ठी, का मायलोच्या कंपनीच्या भल्यात देशाचं भलं. डोकं लागते म्हणे.

रुईगाठी:
मॉर्फिनचं समर्थन नाही करत. पण कापसाचं काय? इजिप्तचा सगळा कापूस घेऊन बसला अन् अडकला. तो प्रसंग कोणी नीट वाचलाच नाही. स्नोडेनचा अंत्यविधी चालू आहे, योसॅरियन उघडानागडा झाडावर बसला आहे अन् मायलो त्याच झाडावर चढून त्याले चॉकलेट लावलेला कापूस खाऊ घालून पाहते. थुंकते तो. मायलोचं तोंड पाहा तिथं. माल पडून आहे, घेणारा नाही, व्याज चढून रायलं. हे दुःख व्यापाऱ्यालेच समजते.

बोंडअळी:
व्यापाऱ्याचं दुःख 😂 आमच्या घरात छतापर्यंत कापूस भरून आहे, झोपायले जागा नाही, अंगाले खाज सुटते, ते कोणतं दुःख म्हणायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आमचा माल निघायच्या टायमाले बाहेरच्या गाठी बिनशुल्क. त्या २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ८११० कागदावर होता, अन् गावात गाडी घेऊन येणारा काय भाव देते विचारा रुईगाठी सायबाले.

रुईगाठी:
ओला कापूस आणाल तर काय भाव देऊ? ८ टक्के ओलाव्याले पूर्ण भाव आहे, १२ च्या वर सरकारी केंद्रही घेत नाही. पाणी मारून आणणारे मी पाहिले नाही का? १९७२ साली एकाधिकार आला, म्हणजे कापूस फक्त सरकारच घेणार, तेव्हा व्यापाऱ्याले बाजूलेच काढलं होतं, मग काऊन नाही झाले सगळे शेतकरी श्रीमंत? चुकाऱ्यासाठी वाट पाहत बसायचे लोक.

पऱ्हाटी_यवतमाळ:
पाणी मारून? कोणाले म्हणता बे? मागच्या साली एका केंद्रावर रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी दव पडलेलं, ग्रेडरनं वरवरचा मुठभर कापूस घेतला, मशीन लावली अन् म्हणे ओला आहे. खालचा पाहा म्हटलं तर म्हणे रांग मोठी आहे. गाडी वापस. फाटकाबाहेर तुमचेच लोक उभे होते, भाव पाडून घ्यायले.

रुईगाठी:
"तुमचेच लोक" म्हणजे कोण? नाव घ्या हिंमत असंल तर. अन् बे काढायचा नाही, वयानं मोठा आहे मी.

हिंगणघाटची:
कादंबरीवर या हो कोणीतरी. आणि मायलोचा कापूस खपवायचा उपाय त्याला योसॅरियनच सांगतो, सरकारला विक म्हणून, हे दोघंही सोयीस्कर विसरले. तुमचा लाडका शहाणा योसॅरियन.

नेमकंच_वाचतो:
ताईंचा मुद्दा पहिला जो या धाग्यात पुस्तकाबद्दल आहे. अन् मेजर मेजरचा बाप ताईंनी नुसता नावाले काढला, बाकी कोणी नाही, आश्चर्य आहे. अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, न पेरायचे सरकारकडून पैसे घेते अन् त्या पैशात आणखी जमीन घेते, आणखी न पेरायले. फक्त शेतकऱ्याले मदत मिळावी, बाकीच्यायले दिली तर समाजवाद. पऱ्हाटी भाऊ, हा तुमचा माणूस.

पऱ्हाटी_यवतमाळ:
न पेरायचे पैसे भेटत असतील तर पत्ता द्या, सगळा तालुका अर्ज करते. पण भाऊ, तुम्ही तर छाटा म्हणत होते, अन् बाप तुम्हालेच पाठ आहे. कार्टून एवढं ध्यानात राहते का?

नेमकंच_वाचतो:
चुटका ध्यानात राहते, माणूस नाही. बरं, डॅनिका ठेवा, मोठ्या बाबाच्या नावानं. मायलो ठेवा, नाहीतर इथं दंगल होईल. ताईसाठी त्या मुलीले नाव द्या. पण दोन-दोन जनरल काय करायचे? पेकम काढा.

निवृत्त_हवालदार:
पेकम कसा काढता? तो लढाईचा कारभार आपल्या खात्याखाली यावा म्हणून कागद लढवत राहते. तो कारभार खात्याकडं येते तेव्हा हा दुसऱ्या जनरलच्या, ड्रीडलच्या जागी बसलेला असते अन् खात्याचा साहेब झालेला असते शाइसकॉफ. परेडवाला. सगळ्यांचा बाप होऊन बसते, पहिला हुकूम काय तर सगळ्यायले परेड. पेकम काढला तर हे कसं होईल? नीट वाचा जरा.

नेमकंच_वाचतो:
वाचलं काका. ड्रीडल काढा मग.